फोनवरची शाळा आणि घरी बसलेल्या मुली



दहावी झालेल्या मुलीला पुढे पवनीला किंवा भंडाऱ्याला पाठवायची गोष्ट निघाली, की हल्ली आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पाठवायची कशाला? लॉकडाऊनमध्ये नाही का घरबसल्या सगळं झालं?" बोलणारी बहुतेक वेळा आपल्यातलीच एखादी सासू, काकू नाहीतर आत्या असते. पुरुषांना तर हे सोयीचंच. बसचा खर्च नाही, वाटेची काळजी नाही, वर घरात कामाला दोन हात. मला हे वाक्य साफ खोटं वाटतं. का, ते आज लिहिते. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आधी काय झालं ते नीट आठवू या, कारण त्या दिवसांच्या आठवणीसुद्धा आपण गोड करून टाकल्या आहेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता; तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीवर गुण दिले गेले. जूनमध्ये नवीन शालेय वर्ष सुरू झालं ते वर्गाशिवाय. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" हे शब्द तेव्हाचेच. दीक्षा नावाच्या ॲपवरून धडे यायचे (दीक्षा! आपल्याकडे या शब्दाला केवढा मान, आणि इथे तो गोल गोल फिरत बसायचा). सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली लागायची, पण ती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. हायस्कूलच्या मुलांच्या वाट्याला आला तो फोन. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून उघडायची परवानगी मिळाली, तीही स्थानिक प्रशासनाच्या निर्णयावर. दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप. गावाकडचे पाचवी ते बारावीचे वर्ग उघडायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. म्हणजे जी मुलगी जून २०२० मध्ये नववीत गेली, तिची बरीचशी नववी आणि दहावीचे पहिले महिने फोनवर गेले.

आता आपलं आसगाव घ्या. या धानाच्या पट्ट्यात पाऊस लागला की पऱ्हे आणि मग रोवणी. शाळा सुरू असते तेव्हा मुलगी चार दिवस रोवणीला गेली, तर हजेरीवर गैरहजर लागतं, बाई विचारतात, मैत्रिणी घरी येऊन बघतात. फोनच्या शाळेत हजेरी म्हणजे काय? सरांनी गटावर धडा टाकला, खाली कुणीतरी अंगठा टाकला. तो अंगठा भावाने टाकला की बहिणीने, सरांना कसं कळणार? मुलगी बांधीत चिखलात उभी आणि अंगठा हजर. घरात फोन एक, तो सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जायचा. संध्याकाळी आला की आधी दादा, त्याचं दहावीचं वर्ष. मुलीचा नंबर भांडी झाल्यावर, तोवर दीड जीबी संपलेला. त्यात ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा-पवनीकडची घरं पाण्यात गेली. तिथे ऑनलाइन वर्गाचं काय बोलणार?

शिक्षकांवर माझा राग नाही. त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. कितीतरी जण स्वाध्यायाचे कागद घेऊन दारोदार फिरले. राग आहे तो त्या सगळ्याला "झालं की" म्हणणाऱ्यांवर.

मी कॉमर्सची आहे, हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या वर्षी दीड जीबीचं २८ दिवसांचं रिचार्ज १९९ रुपयांना होतं. वर्षाला असे तेरा, म्हणजे २,५८७ रुपये. रोजगार हमीची मजुरी तेव्हा आपल्या राज्यात दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे वर्षाला जवळजवळ अकरा दिवसांची मजुरी नुसत्या रिचार्जला, आणि फोनचे पैसे वेगळे. साधा सहा हजारांचा फोन म्हटला तरी महिनाभराची मजुरी झाली, तीही काम रोज मिळालं तर. दोन मुलं असतील तर दोन फोन कोण घेणार? जिथे एकच घेता आला, तिथे तो कुणाच्या हातात गेला, हे मी सांगायला नको.

"पण फोन तर सगळ्यांकडे आहेत आता," असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. २०२१ च्या असर अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण घरी फोन असलेल्या या मुलांपैकी २६.१ टक्क्यांना तो वापरायला मिळतच नव्हता. गुणाकार करून पाहा. शंभरातली पन्नास मुलं उरतात. मोठ्या वर्गांतल्या मुलांना लहानांपेक्षा फोन जास्त मिळाला, हे खरं. तरी निम्म्या मुलांपर्यंत न पोचणाऱ्या गोष्टीला मी शाळा म्हणणार नाही.

निकालाचं काय? दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्के होता. २०२१ मध्ये ९९.९५. दोन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं इतकी हुशार झाली? त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून दिले, आणि त्या नववीची वार्षिक परीक्षासुद्धा लॉकडाऊनमुळे रद्द झाली होती. शिल्लक नसताना ताळेबंद जुळवला, की आमच्या विषयात त्याला एक नाव आहे. मुलांना पास केलं यात चूक नाही, दुसरं करणार तरी काय होते. पण त्या आकड्याच्या जोरावर "शिक्षण थांबलं नव्हतं" म्हणायचं, आणि आज दुसऱ्याच एका मुलीला घरी बसवायचं, हे मला पटत नाही.

कुणीतरी म्हणेल, तुम्ही स्वतः तर ऑनलाइन स्वाध्यायाला बसता, अनेकांताच्या गोष्टी करता, मग याही बाजूने बघा. बघितलं. मी साठीच्या पुढची बाई, घरचं आवरून दुपारी प्रवचन ऐकते. मला प्रमेय सोडवून दाखवायचं नाही, प्रयोगशाळेत रसायन ओतायचं नाही, आणि मी ऐकता ऐकता कुणी मला "जरा गाईला पाणी दाखव" म्हणून उठवत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला घरी कुणी बसू देतं का? मुलगी घरात दिसली की काम दिसतं. शाळेची भिंत तिला पाच-सहा तास त्या कामापासून वाचवते. तिथे कुणाच्या तरी बोलण्यावर ती हसते, कुणाशी भांडते, बाईंना नको तो प्रश्न विचारते. फोनमध्ये तिचा मायक्रोफोन बंद असतो.

आणि आपला समाज त्या दिवसांत काय करत होता? ऑगस्ट २०२० मध्ये मंदिरं बंद होती. पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांत पूजेला परवानगी मिळावी म्हणून आपल्यातला एक ट्रस्ट थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि दादर, भायखळा, चेंबूरच्या मंदिरांसाठी ती मिळालीही. मला त्याचा आनंदच झाला होता. पण शाळेच्या कुलपाबद्दल आपल्या एका तरी महिला मंडळाने तहसीलदाराला साधा अर्ज केलेला मी ऐकला नाही.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, त्यात ज्ञानदान आहे. श्रुतपंचमीला आपण शास्त्रांची पूजा करतो, त्यांना नवीन वेष्टनं शिवतो. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं ते सांगितलंय, त्यात दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणं हे कारण स्पष्ट दिलं आहे. पाठशाळेत आपण सगळ्याजणी ते घोकलं. अंतराय म्हणजे फक्त पुस्तक फाडणं असं थोडंच आहे? शिकू शकणाऱ्या मुलीला "घरबसल्या कर" म्हणून बसवणं हा अंतराय नाही तर काय? भगवान ऋषभदेवांनी लिपी शिकवली ती ब्राह्मीला आणि अंक शिकवले ते सुंदरीला, दोन्ही मुलीच. आदिनाथांची पूजा करायची आणि हे विसरायचं, हे कसं चालेल?

दूर जायचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील जैन घरातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना उपाशी राहायला लागू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ती मुलं सगळ्या जातींची होती. आपण बोलीत हजारो रुपये बोलतो आणि मुलीच्या बसभाड्यापाशी अडतो. तेही आता किती उरलंय? अहिल्याबाई होळकर योजनेत गावच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, आणि मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्याजणींनाच एसटीत अर्धं तिकीट आहे. वाटेची भीती म्हणाल, तर चार मुली मिळून जाऊ देत. एकेकटीला घरी ठेवून वाट काही सुरक्षित होत नाही, उलट ओस पडते.

ज्या मुली त्या दोन वर्षांत सुटल्या, त्या आता वीस-बावीसच्या असतील. काहींची लग्नं झाली. त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. तो नाइलाजाचा मार्ग आहे, पण आहे. फॉर्म भरायला, कागदपत्रं जमवायला मी बसेन त्यांच्याबरोबर. गणित आणि हिशेब मला अजून शिकवता येतात. ज्यांची दहावी यंदा होतेय त्यांच्यासाठी मात्र नाइलाज बिलाज काही नको, वर्गच हवा.

आमच्या मंडळात मी एक प्रस्ताव मांडला आहे. ज्ञानदानाच्या पेटीतले पैसे यंदा पुस्तक छापण्याऐवजी गावातल्या अकरावीला जाणाऱ्या मुलींच्या प्रवासाला आणि वह्या-पुस्तकांना द्यावेत, मुलगी जैन असो वा नसो. दोघींनी लगेच हो म्हटलं, तिघी गप्प आहेत, आणि एकीने मला विचारलं की पुस्तकावर देणगीदारांची नावं छापायची ठरली होती, त्यांचं काय. त्यांची नावं मंदिराच्या फळ्यावर लिहू. तुमच्या गल्लीत दहावीनंतर कोणती मुलगी घरी बसणार आहे असं कानावर आलं, तर मला कळवा. दहावीचा निकाल लागला की अकरावीचे अर्ज सुरू होतात, त्याच्या आत.