सूक्ष्मदर्शकाची साक्ष कितपत ग्राह्य?

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी बजावले जाते की, तारेची जाडी मोजण्यापूर्वी उपकरणाची शून्य त्रुटी पाहावी आणि ती वहीत नोंदवावी. न नोंदविल्यास गुण कापले जातात. बाजारातील वजनकाट्यावरही ठरावीक मुदतीने सरकारी पडताळणीचा शिक्का असावा लागतो. परंतु कोट्यवधी रुपयांच्या सूक्ष्मदर्शकातून निघालेले पेशीचे देखणे रंगीत चित्र जेव्हा संशोधनपत्रिकेत झळकते, तेव्हा त्या यंत्राची शून्य त्रुटी कोणी, केव्हा आणि कशी पाहिली, हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे; कारण असे चित्र आता भिंगातून सरळ दिसणारे चित्र राहिलेले नाही. सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखविता येत नाहीत. प्रकाशाच्या तरंगस्वरूपातून येणारी ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली सांगितली. ती ओलांडण्याची एक युक्ती मॅट्स गुस्टाफसन यांनी २००० साली दाखवून दिली. नमुन्यावर एकसारखा प्रकाश न टाकता उजेड-अंधाराच्या बारीक पट्ट्यांचा प्रकाश टाकावयाचा. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की मूळ जाळीत नसलेल्या रुंद लाटा दिसू लागतात. तसेच या पट्ट्या आणि पेशीतील सूक्ष्म तपशील यांच्या मिलाफातून भिंगाच्या आवाक्यात येणारी रुंद नक्षी उमटते. पट्ट्या सरकवीत आणि फिरवीत, त्रिमितीय चित्रासाठी प्रत्येक पातळीवर साधारणतः पंधरा छायाचित्रे घेतली जातात व संगणक त्यांतून मूळ तपशील उलगडतो. दोन बिंदूंतील दिसू शकणारे किमान अंतर त्यामुळे जवळजवळ निम्म्यावर येते.

म्हणजे हे चित्र गणिताने रचलेले आहे. आणि ही रचना करण्यासाठी संगणकाला एक गोष्ट आधी ठाऊक असावी लागते: हे विशिष्ट यंत्र एका बिंदूला कसे पसरवून दाखविते? या प्रश्नाचे उत्तर ज्या फाईलमध्ये साठविलेले असते, तीच अंशशोधनाची, प्रयोगशाळेच्या भाषेत कॅलिब्रेशनची फाईल होय.

ती तयार करणे हे कष्टाचे आणि बरेचसे कंटाळवाणे काम आहे. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचे, प्रकाश पडताच स्वतः चमकणारे प्लॅस्टिकचे मणी ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेला चिकटवावयाचे. मणी इतके विरळ हवेत की एकाचा उजेड दुसऱ्यात मिसळू नये. मग एकटा पडलेला एक मणी शोधून, भिंग टप्प्याटप्प्याने सरकवीत, त्याची वरपासून खालपर्यंत छायाचित्रे घ्यावयाची. केंद्राच्या वरचा आणि खालचा पसारा सारखा दिसला नाही, तर भिंगावरील तेल बदलून पुन्हा आरंभ. कारण तेलाच्या अपवर्तनांकातील अल्प फरकही बिंदूला एका बाजूने फाकवितो, आणि खोलीचे तापमान बदलले की तो अपवर्तनांकही बदलतो. शिवाय लाल रंगाची फाईल हिरव्यास चालत नाही, एका भिंगाची दुसऱ्यास चालत नाही.

फाईल चुकली तर काय होते? यंत्र अडत नाही, तक्रार करीत नाही. ते चित्र देतेच. फक्त खऱ्या धाग्याच्या वर-खाली त्याची पुसट भुते दिसू लागतात. मूळ प्रकाश क्षीण असेल तर मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी सर्वत्र पसरते आणि पेशीतच तशी रचना असावी, असा भास होतो. नवखा संशोधक या भुतालाच शोध समजला, तर त्यावर उभी राहणारी पुढची कित्येक वर्षे वाया जाऊ शकतात.

मापनाच्या साधनावर डोळे झाकून विसंबण्याची किंमत खगोलशास्त्राने मोजलेली आहे. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा अत्यंत काटेकोरपणे घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. ज्या उपकरणाने त्याची वक्रता तपासली, त्यातीलच एक भिंग सुमारे १.३ मिलिमीटर जागा चुकून बसले होते. अन्य दोन चाचण्यांनी दोष सुचविला होता; त्या कमी अचूक म्हणून बाजूला सारण्यात आल्या. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दुरुस्ती करीपर्यंत शास्त्रज्ञांनी एकेकट्या ताऱ्याचा पसारा मोजून, त्या आधारे संगणकावर चित्रे सावरून घेतली. प्रयोगशाळेत जे काम मणी करतो, ते तेथे ताऱ्याने केले.

यावर असे म्हटले जाते की, एवढा खटाटोप हवाच कशाला. भिंगाचे आकडे सूत्रात घालून बिंदूचा पसारा कागदावरही काढता येतो. येतो खरा, आणि मोजलेल्या फाईलमध्ये जो खरखरीतपणा असतो तोही त्यात नसतो. परंतु सूत्रातील भिंग निर्दोष असते, प्रयोगशाळेतील नसते. केवळ सूत्रावर भागविणे म्हणजे पत्रिका पाहून माणसाचा स्वभाव ठरविणे होय. मोजमाप शक्यच नसेल तेथे सूत्र वापरावे, पण तसे उघडपणे लिहावे.

खरी अडचण वेगळीच आहे. यंत्राच्या खरेदीला निधी मिळतो, उद्‌घाटनाला पाहुणे मिळतात. मण्यांची कुपी त्या मानाने किरकोळ किमतीची असूनही तिच्यासाठी लागणारा वेळ कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. यंत्र बसविताना कंपनीच्या अभियंत्याने केलेली फाईल मग वर्षानुवर्षे चालविण्याचा मोह होतो. जो तंत्रज्ञ मण्यांसमोर अंधाऱ्या खोलीत तास न् तास बसतो, त्याचे नाव शोधनिबंधाच्या आभारप्रदर्शनात आले तरी पुष्कळ, अशी स्थिती असू नये. संशोधनपत्रिकांनी प्रत्येक रचलेल्या चित्रासोबत मूळ छायाचित्रे, मण्याचा व्यास, तेलाचा अपवर्तनांक आणि फाईल तयार केल्याची तारीख मागितली पाहिजे. आणि निधी देणाऱ्या संस्थांनी दर भिंगामागे, दर रंगामागे या कामास लागणारे दिवस व ते करणाऱ्या माणसाचे वेतन यांची तरतूद यंत्राच्या मंजुरीपत्रातच केली पाहिजे.