मुलांचा अभ्यास : ताळा पाहिला का?

वाचकहो, दिवेलागणीला मुलगी बीजगणिताची वही घेऊन बसली, की आपण म्हणतो, "बाई गं, आम्हाला यातलं काय कळतंय!" पण केवलमूल्याचा हिशेब तुम्ही बाजाराच्या दिवशी करतच असता.

समजा, ५० किलोच्या पोत्यात २ किलोचा फरक निघाला. मग पोते किती किलोचे? ४८ चे किंवा ५२ चे. ५२ चे पोते ५० चे म्हणून गेले, तर तुमचे २ किलो धान्य फुकट गेले! फरक तेवढाच, बाजू निराळी. नुसता फरक सांगते, कमी की जास्त ते सांगत नाही, ते केवलमूल्य. ते दोन उभ्या रेघांत लिहितात : |क्ष − ५०| = २. म्हणून दोन्ही बाजू धरून पाहाव्या लागतात.

आता जरा अवघड गणित घ्या. थोरल्याकडे ३ पोती ज्वारी आहे, धाकट्याकडे क्ष पोती. दोघांतला फरक धाकट्याच्या पोत्यांच्या दुप्पट आहे. समीकरण झाले : |क्ष − ३| = २क्ष.

धाकट्याकडे जास्त धरली, तर क्ष − ३ = २क्ष, म्हणजे क्ष = −३. थोरल्याकडे जास्त धरली, तर ३ − क्ष = २क्ष, म्हणजे क्ष = १.

दोन उत्तरे आली, पण थांबा, ताळा पाहा. क्ष = १ घेतले, तर डावीकडे २ आणि उजवीकडेही २. जमले. क्ष = −३ घेतले, तर डावीकडे ६ आणि उजवीकडे −६. जमत नाही. उणे तीन पोती कोणाच्या घरात असतात का? हे उत्तर उपरे. ते खोडायचे.

हे उपरे उत्तर शिरले कुठून? उभ्या रेघा काढताना आपण एक अट विसरलो. फरक कधी उणे नसतो, म्हणून उजवी बाजूही उणे असून चालत नाही. याच कारणाने |क्ष| = −५ याला उत्तरच नाही.

मुले दोन्ही उत्तरे लिहून मोकळी होतात आणि सगळी रीत बरोबर असून गुण गमावतात. तेव्हा आयांनो, बाबांनो, बीजगणित येत नसले तरी बिघडत नाही. मुलांनी वही मिटण्याआधी एवढेच विचारा, "ताळा पाहिलास का?"