आभाळाचे आठ भाग

हवामान खात्याचा माणूस आभाळाचे आठ भाग करतो. मान वर करून बघतो, किती भाग ढगांनी झाकलेत ते मोजतो, वहीत आकडा मांडतो. शून्य म्हणजे लख्ख, आठ म्हणजे गच्च. मोजू दे. पण त्या आभाळाखालच्या गावाचे दोनच भाग आहेत : गाव, आणि गावकुसाबाहेर आपण. तो आकडा कुठल्या वहीत आहे?

मी खानदेशातला. आता मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. इथं ढग दाटले की पहिली ताडपत्री खताच्या गोणीवर पडते. गोणी भिजता कामा नये. हमाल भिजला तर भिजला.

आमची आजी आभाळाकडे हात करून म्हणायची, ‘आभाय भरी उनं, पन पानी कोठे शे?’ तिला शाळा ठाऊक नव्हती, पण सवाल बरोबर होता. अरबी समुद्राचे ढग सह्याद्री घाटमाथ्यावरच पिळून घेतो. शिंदखेडा, अमळनेर, पारोळ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यात आता हवा तापलीय. एक अंश तापलेली हवा सुमारे सात टक्के जादा वाफ धरून ठेवते. म्हणून पाऊस खंड पाडतो, आणि आला की अंगावर कोसळतो. मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढली, हे पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडलं.

मग पुढारी माईकवर येतो आणि म्हणतो, ‘निसर्गाचा कोप आहे, सगळ्यांवर सारखाच.’

साफ खोटं!

रावेर-यावलच्या केळीला हवामानाचा विमा आहे. पारा ठरल्या आकड्याच्या वर गेला किंवा खाली उतरला, की बागाईतदाराच्या खात्यात पैसे. विमा असावा, माझी तक्रार नाही. पण तोच पारा केळीचे घड खांद्यावर वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावरही चढतो. तिच्या अंगाला लागलेल्या उन्हाचा रकाना त्या योजनेत नाही. गारपीट झाली की तलाठी सातबारा बघून पंचनामा करतो. ज्याचा सातबाराच नाही, त्याची बुडालेली मजुरी कोण लिहिणार? झाडाला ताप येतो, माणसाला येत नाही काय?

आणि पाणी? जून २०१८. जामनेर तालुक्यातलं वाकडी गाव. विहिरीत पोहली म्हणून मातंगांची पोरं नागडी करून मारली, वर त्याची चित्रफीत काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पाऊस कमी पडला, ते सरकारला मोजता आलं. त्या विहिरीतला दुष्काळ कुठल्या पर्जन्यमापकात मोजणार? महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्यात ओंजळ घातली, त्याला नव्वद वर्षं उलटली होती!

२००३ साली आणि पुन्हा २०१५ साली सरकारनं कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली. ढगात रसायन फवारलं. ढगच नसेल तर विमानही काही करू शकत नाही, हे शास्त्रच सांगतं. पण समजा, पडला पाऊस. पडणार कुणाच्या रानात? झिरपणार कुणाच्या बोअरमध्ये? ज्याची जमीन, त्याचा ढग. एवढं साधं गणित आहे, आणि तेच कुणी मांडत नाही.

दादासाहेब गायकवाडांनी ते मांडलं होतं. १९५९ साली याच खानदेशात भूमिहीन सत्याग्रह झाला. लोक जमिनीसाठी तुरुंगात गेले. ती मागणी जुनी झाली म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात शिंदखेड्याच्या रानात एक दिवस निंदायला यावं.

दोस्तहो, हवामानबदल हा साहेब लोकांच्या परिषदेतला शब्द आहे असं समजून सोडून देऊ नका. तो आपल्या टाळूवर तापतोय. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांच्या रेट्यानं रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आता पुढचं मागा. उन्हानं काम थांबलं तर त्या दिवसाची मजुरी. पंचनाम्यात मजुराचा रकाना. कसणाऱ्याच्या नावावर गायरान. गावातली प्रत्येक विहीर उघडी.

भीक नाही मागत. आभाळाच्या आठ भागांतला आमचा भाग मागतोय. दिला नाही तर मोजणी आम्ही करू.