पडवीतली जुनी गाडी आणि वडिलांचे हात

आपल्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी मोटारसायकल उभी आहे का? टाकीचा रंग उडालेला, सायलेन्सरला गंज चढलेला, चाकांत हवा नाही. आणि तरीही ‘भंगारात देऊन टाकू’ असे कुणी म्हटले की वडील गप्प होतात. अशा गाडीविषयी, आणि ती स्वतःच्या हातांनी पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या ज्येष्ठांविषयी या वेळी लिहीत आहे.

जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आपल्याकडे आल्या त्या १९८०च्या दशकाच्या मध्यावर. १९८४मध्ये इंड-सुझुकी, १९८५मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, तर १९८६मध्ये कावासाकी बजाज केबी १००. ही शेवटची आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीची. वजनाने हलक्या, पेट्रोल बेताने पिणाऱ्या या गाड्यांनी नोकरदार माणसाला बसच्या रांगेतून सोडवले. ज्याने ती तिशीत घेतली, तो आज सत्तरीत आहे. त्या गाडीवरून त्याने पत्नीला प्रसूतीसाठी नेले असेल, मुलांना शाळेत सोडले असेल. तिचा भाव भंगारवाल्याच्या काट्यावर ठरत नाही, हे घरातल्या तरुणांनी आधी समजून घ्यावे.

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकून डोंगरी-तारोडीकडे गेले की वाऱ्याला खारटपणा येतो. हा वारा लोखंड खातो. म्हणून इथे गाडी ठेवायची जागा सर्व बाजूंनी पत्रे ठोकून बंद केलेली दिसते. पावसाळ्यात फटींत गोणपाटही कोंबलेले असते. गाडीसाठी ही व्यवस्था योग्य आहे. तिथे बसून काम करणाऱ्या माणसासाठी मात्र तीच घातक ठरू शकते.

हातांना काम का हवे?

निवृत्तीनंतर अनेकांचे हात अचानक रिकामे होतात. कार्ब्युरेटर उघडणे, त्याचे बारीक जेट साफ करणे, प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते लक्षात ठेवून पुन्हा तिथेच बसवणे, यात बोटे, डोळे आणि स्मरण एकत्र राबतात. शिवाय हाताला लागलेले कसब मेंदूत वेगळ्या रीतीने साठवलेले असते. सकाळच्या न्याहारीला काय होते हे न आठवणारा माणूसही पाना हाती दिला तर नट कोणत्या दिशेने सैल होतो हे बहुधा विसरत नाही. विस्मरणाच्या प्रारंभीच्या अवस्थेत, सोबतीला कुणी असेल तर, असे परिचित काम मनाला स्थैर्य देते. यामुळे स्मृतिभ्रंश टळतो असा दावा मी करणार नाही. पण दिवसाला आकार येतो, जुने मित्र सुटे भाग शोधण्याच्या निमित्ताने घरी येतात आणि नातू शेजारी बसून प्रश्न विचारतो. हे लाभ लहान नाहीत.

वास नसलेला धूर

तारोडीतील सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना संध्याकाळी डोके दुखणे, मळमळ आणि पायांत अशक्तपणा असा त्रास होऊ लागला. सुनेने रक्तदाब मोजला, साखर तपासली, बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्यावर ९८ आकडा आला. घरात सर्वांनी पित्त ठरवून टाकले. माझ्याकडे आल्यावर मी इतकेच विचारले, ‘काका, डोके दुखण्यापूर्वी तासभर आपण काय करत असता?’ उत्तर असे आले की गाडीचे इंजिन दुरुस्त झाले आहे आणि ते ‘सेट’ करण्यासाठी रोज अर्धा तास ती शेडमध्येच चालू ठेवतात. ज्या दिवशी इंजिन बंद, त्या दिवशी डोकेही शांत.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो जळालेल्या तेलाचा. तो कमी झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे होत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि मग हृदयाला व मेंदूला प्राणवायू पुरत नाही. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, त्यांच्या छातीत थोड्या वायूनेही कळ येऊ शकते.

एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. करोनाच्या काळात आणलेले आपले ऑक्सिमीटर या विषबाधेत फसते. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा भेद त्याला कळत नाही. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही आकडा उत्तम दिसतो. बंद जागेत इंजिन चालू असताना कुणाला डोकेदुखी, चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखे झाले, तर आकडा पाहत बसू नका. त्यांना उघड्यावर आणा, इंजिन बंद करा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि रुग्णालयात ‘धुरात होते’ हे आवर्जून सांगा. तिथे रक्ताची तपासणी आणि प्राणवायू हाच मार्ग.

त्या काकांच्या रक्ताची आणि हृदयाची तपासणी करून घेतली. मुलाने तोवर गाडी विकण्याचे ठरवले होते. मी सुचवले की गाडी राहू द्या, पण इंजिन सुरू करायचे ते अंगणात ढकलून आणल्यावरच. शेडचे दार अर्धवट उघडे ठेवणे पुरेसे नाही. डोकेदुखी थांबली, काकांचे काम चालू आहे.

पेट्रोल, चेन आणि किक

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि आपले ज्येष्ठ पाटावर बसून नेमके तिथेच काम करतात. शेजारच्या खोलीतील समई किंवा क्रुसासमोरची मेणबत्तीही अशा वेळी आगीचे कारण होऊ शकते. टाकीतले पेट्रोल नळी तोंडाने ओढून कधीही काढू नये. ते श्वासमार्गात गेल्यास फुफ्फुसांना गंभीर सूज येते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे. भाग धुण्याचे रॉकेल पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. घरात नातवंडे असतात.

चेन साफ करताना इंजिन बंद हवेच. चालू गाडीच्या चेनमध्ये फडके अडकले की बोट त्यासोबत आत जाते. जुन्या ब्रेक शूच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. हात पेट्रोलने धुऊ नयेत. मधुमेह असल्यास त्वचेच्या भेगांतून जंतुसंसर्ग होतो, म्हणून हातमोजे घालावेत; पायांत स्लिपर नको, बंद बूट हवेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जखम स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे दाबून धरावी. धनुर्वाताची लस १० वर्षांत घेतली नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी.

या गाड्यांचे वजन १०० किलोच्या आसपास असते. डबल स्टँडवर चढवणे आणि थंड इंजिनाला किक मारत राहणे, ही दोन कामे तरुणांकडे द्यावीत. श्वास रोखून जोर लावल्याने रक्तदाब चढतो, हर्निया बळावतो आणि उलटी बसलेली किक गुडघा दुखावते. भाग टेबलावर घेऊन, चांगल्या उजेडात काम करावे. पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ मुळीच टाळू नये. कामात रमलेल्या माणसाला भूक कळत नाही आणि साखर झपाट्याने उतरते.

गाडी सुरू झाल्यावर

दुरुस्त करणे आणि चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५ वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. वयाच्या पंचावन्नीनंतर चालक परवानाही पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते केवळ सहीचे काम समजू नका. मोतीबिंदू, कमी झालेले ऐकू येणे, मान वळवताना येणारी चक्कर, झोप आणणारी औषधे, हे सारे त्या निमित्ताने मोकळेपणाने सांगा. चालवणे योग्य नसेल, तर नातवाच्या मागे बसून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंतची फेरीही पुरेशी आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न वडिलांना विचारण्यापूर्वी एकदा शेडमध्ये जाऊन उभे राहा. हवा कुठून येते, उजेड किती आहे, रॉकेल कशात ठेवले आहे, ते पाहा. येत्या रविवारी एका बाजूचे दोन पत्रे काढून तिथे जाळी बसवा आणि त्या कामाला वडिलांनाच सोबत घ्या.