न पाहिलेले नक्षत्र

‘दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री आकाश काय पाहायचे?’ असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनी परवा केला आणि जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. प्रश्न वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु हेच गृहस्थ मध्यरात्रीपर्यंत मोबाईलवर डोळे खिळवून बसतात, तेव्हा त्यांचा थकवा कोठे जातो? तो केवळ आकाशासाठीच राखून ठेवलेला असतो की काय?

गेल्या वैशाख अमावास्येस आम्ही पाच मित्र पुण्याहून सिंहगडापलीकडे एका शेतावर गेलो. प्रस्तुत लेखकाचे अंग कचेरीच्या कामाने इतके आंबले होते, की वाटेतच डोळा लागला. परंतु न जाणे शक्य नव्हते. आमच्यापैकी एकाच्या मुलीचे ठरत आलेले लग्न ‘नक्षत्र मूळ, सासऱ्यास वाईट’ एवढ्यावरून मोडले होते. मुलगी पदवीधर, नकार देणारेही पदवीधर! ‘ज्याने हे केले ते नक्षत्र एकदा दाखवा तरी,’ असे तो बाप म्हणाला होता.

अंधारास डोळे सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागली. ज्येष्ठेचा तांबूस तारा आग्नेयेस वर आला होता. त्याचा प्रकाश सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या (१६३०) कितीतरी आधी निघालेला. मूळ मात्र अद्याप क्षितिजाच्या धुळीत होते. पेंग येई, तोंडावर पाणी मारावे, पुन्हा बसावे. साडेअकराच्या सुमारास विंचवाची नांगी स्वच्छ दिसू लागली. बाप बराच वेळ पाहत राहिला व ‘एवढेच ना?’ म्हणाला.

ज्या सुशिक्षित घरांत पत्रिकेवाचून बोलणी पुढे सरकत नाहीत, त्यांतील कितीजणांनी मूळ डोळ्यांनी पाहिले आहे? आरोपीचे तोंडही न पाहता शिक्षा द्यायची, आणि तीही भलत्यालाच! तारे ओळखल्याने ही समजूत नाहीशी होईल असा आमचा दावा नाही. जुने जोशीही तारे ओळखत. पण निदान ते पाहत तरी होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात ‘ज्योतिर्विलास’ लिहिले, त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. एवढीही सवड ज्यांस नाही, त्यांस छत्तीस गुण मोजण्यास ती कोठून मिळते?

मुलाकडील मंडळींस पुढल्या खेपेचे निमंत्रण आम्ही धाडले होते. दिवसभराच्या कामाने फार थकवा येतो, असे त्यांचे उत्तर आले.