तिकडची पश्चिम रेल्वे

मेसीची दहा नंबरची जर्सी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात असेल. पण अर्जेंटिनाच्या दुसऱ्या विभागातल्या एखाद्या क्लबचं नाव सांगा म्हटलं, तर? शांतता. हरकत नाही, एक मी सांगते : फेरो कार्रिल ओएस्ते. स्पॅनिशमध्ये याचा सरळ अर्थ 'पश्चिम रेल्वे'. विरार लोकलवाल्यांनो, हा तुमचाच क्लब समजा!

१९०४ मध्ये ब्युनॉस आयर्समधल्या, ब्रिटिश मालकीच्या पश्चिम रेल्वेच्या ९५ कर्मचाऱ्यांनी तो काढला. पुढच्याच वर्षी काबाशितो या वस्तीत रुळांजवळ मैदान झालं. १२० वर्षं उलटली, तरी क्लब तिथेच खेळतो. (जाता जाता : त्या रुळांची रुंदी १६७६ मिलिमीटर, म्हणजे अगदी आपल्या ब्रॉडगेजइतकी. साहेब दोन्हीकडे एकच!) क्लबचा रंग हिरवा, म्हणून लाडाचं नाव 'वेर्दोलागा'. वेर्दोलागा म्हणजे आपली घोळाची भाजी. कुठेही उगवणारी, तुडवली तरी पुन्हा फुटणारी. नाव किती चपखल बसलंय, ते पुढे कळेलच.

बोका आणि रिव्हर प्लेट या बड्यांच्या शहरात या वस्तीतल्या क्लबला कोण विचारणार? पण कार्लोस टिमोटेओ ग्रिगोल नावाचा प्रशिक्षक आला आणि चित्र पालटलं. क्लबच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक लिऑन नाहनुडेल. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगची कल्पना याच माणसाची. ग्रिगोल त्यांच्याशी चर्चा करायचा आणि बास्केटबॉलमधल्या बचावाच्या युक्त्या फुटबॉलमध्ये आणायचा. १९८१ मध्ये लीग अवघ्या एका गुणाने हुकली, कारण पुढे होता मॅराडोनाचा बोका! १९८२ मध्ये मात्र राष्ट्रीय विजेतेपद, तेही एकही सामना न हरता. १९८४ च्या अंतिम फेरीत तर रिव्हरला त्यांच्याच मैदानात ३-० हरवलं. परतीच्या लढतीत फेरो १-० पुढे असताना रिव्हरच्या समर्थकांनी लाकडी गॅलरी पेटवली आणि सामना तिथेच थांबला. कप फेरोचा.

मला यापेक्षा भारी वाटते ती ग्रिगोलची दुसरी गोष्ट. पोरांनी शिकलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. आणि पैसा हाती आला की आधी घर घ्यायचं, गाडी नंतर. आपल्याकडे हे आई सांगते, तिकडे कोच सांगायचा. क्लब म्हणजे फक्त अकरा जणांची टीम नव्हतीच ना! पोहणं, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, सगळं एकाच आवारात. वस्तीतली कुटुंबं वर्गणी भरून सभासद होणार आणि तेच मत देऊन अध्यक्ष निवडणार. अर्जेंटिनातले क्लब असेच चालतात. बोकासुद्धा सभासदांचाच.

मग झाला घोळ, भाजीतला नव्हे. देणी वाढत गेली. २००० मध्ये पहिला विभाग सुटला, लगेच पुढच्या वर्षी दुसराही. २००२ मध्ये कोर्टाने क्लब दिवाळखोर ठरवला. सभासदांची सत्ता गेली, कारभार कोर्टाने नेमलेल्या विश्वस्तांकडे. दिवाळखोर क्लबला खेळत राहता यावं म्हणून केलेला एक कायदा होता, त्यामुळे कुलूप लागलं नाही एवढंच. २००३ मध्ये संघ दुसऱ्या विभागात परतला. आणि २०१४ मध्ये, तब्बल १२ वर्षांनी, क्लब पुन्हा सभासदांच्या हाती आला. एवढ्या वर्षांत टीव्हीवर मिरवावं असं काहीही घडत नव्हतं. तरी लोक टिकले. का? कारण आजोबा तिथे पोहायला शिकले होते आणि नातही तिथेच शिकत होती. हे कुठल्या बॅलन्स शीटमध्ये मांडणार?

हे आज सांगायचं कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष हावियर मिले यांनी एक वटहुकूम काढला आणि क्लबना कंपनी होण्याची वाट मोकळी केली. तिथल्या फुटबॉल संघटनेने विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं. सरकारचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. फेरोला बुडवलं ते सभासदांनी निवडून दिलेल्या कारभाऱ्यांच्याच राज्यात. पण म्हणून कंपनी हा उतारा? रासिंग क्लबचं काय झालं बघा. १९९९ मध्ये दिवाळखोर, मग फुटबॉल एका कंपनीकडे. २००१ मध्ये ३५ वर्षांनी विजेतेपद आलं, जल्लोष झाला. २००८ मध्ये ती कंपनीच दिवाळखोर! क्लब आहे, कंपनी नाही.

आणि कंपनीचे क्लब कसे संपतात, हे बघायला अर्जेंटिनापर्यंत कशाला जायचं? पुण्यात बघा. पुणे एफसी २०१५ मध्ये आवरला. भारत एफसी एकाच मोसमात गुंडाळला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेला. ढोल घेऊन बालेवाडीला जाणारी पोरं होतीच की! पण त्यांच्याकडे जर्सी होती, मत नव्हतं. मालकाने हिशेब केला आणि विषय संपला. पुढे कोर्टात लढायचं तरी कोणी आणि कशाच्या जोरावर?

फेरो अजून दुसऱ्याच विभागात आहे. पहिला विभाग सुटून पंचवीस वर्षं झाली. आपल्या भाषेत 'फ्लॉप'. पण काबाशितोत कोणाला विचारलंत, तर तो आधी क्लबच्या निवडणुकीबद्दल बोलेल, मग गुणतक्त्याबद्दल, असा माझा अंदाज आहे. आणि वटहुकुमाबद्दल बोलेल ते छापता येणार नाही!