ज्ञान वाटायचं म्हणता? आधी कुलूप काढा

मोठमोठ्या कंपन्यांना सध्या नवी हुक्की आलीय. भिंतीवर पोस्टर लागतं: ज्ञान वाटा. एसी हॉलमध्ये साहेब सांगतो, आपण सगळे एक कुटुंब. ठेक्यावरचा कामगार त्या हॉलात खुर्च्या लावण्यापुरता जातो.

दोस्तांनो, या देशात पाण्यावर पहारा होता तसाच हुन्नरावर होता. पुरावा मुंबईच्या गिरण्यांत आहे. हजारो कामगार एका छपराखाली, तरी साचेखात्यात आपल्या माणसाला मज्जाव. का? तर धोट्यात नवी कांडी घालताना विणकर सूत तोंडानं ओढायचा. तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. बाटला ना साला! मग आपली माणसं सूतकताईत, कमी पगारावर. साच्याचा जादा पगार त्यांचा, साच्याचं ज्ञानही त्यांचंच. आणि आडवा कोण उभा होता? मालक तर होताच, पण शेजारी राबणारा, संपात घोषणा देणारा कामगारसुद्धा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं ते बोलले. गँगमन जन्मभर गँगमनच का राहतो, ते उघड केलं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवून दिले. एकाच शत्रूचं नाव घेणाऱ्यांना ते अजून पचलेलं नाय.

ज्ञान दाबून ठेवलं की माणसं मरतात. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं, त्यातच कापसाच्या गाठी. कप्तानाला सगळं ठाऊक. पण डोलकाठीवर धोक्याचा लाल बावटा चढवलाच नाही. दुपारी आग लागली, चारनंतर लागोपाठ दोन स्फोट. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. गोदीतली, आसपासच्या वस्तीतली शेकडो माणसं गेली. एक फडकं वर चढवायचं होतं. ‘ज्ञान वाटणं’ म्हणजे काय, ते गोदीत विचारा. बावटा!

आज मुंबईच्या बंदरात पोलादाच्या कॉइल उतरतात. साखळीचा आवाज बदलला की कुठं सरकायचं, ओल्या धक्क्यावर पाय कुठं टाकायचा नाय, हे टोळीतल्या म्हाताऱ्याच्या हाडात मुरलेलं असतं. मी मॅट्रिक झालो, पण हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाय. मी ज्या कंपनीच्या ठेकेदाराकडं राबतो तिथं असाच एक म्हातारा होता. त्याची युक्ती साहेबानं मोबाइलवर टिपली, आपल्या नावानं पडद्यावर चढवली. साहेबाला बक्षीस, म्हाताऱ्याला नारळ.

मग कामगार हुन्नर दडवतो तर त्याला स्वार्थी म्हणता? ज्याचा हुन्नर हाच सातबारा, तो फुकटात दुसऱ्याच्या नावावर का करून देईल? पण खरं बोलू. दडवून आपलंही भलं नाय. म्हातारा गेला की हुन्नर गेला, आणि नव्या पोराची बोटं गेली.

म्हणून पोस्टरवाल्यांनो, आमच्या अटी ऐका. धोक्याचा प्रत्येक कागद मराठीत, हिंदीत, कामाच्या जागी लावा, कपाटात नको. युक्ती ज्याची, नाव त्याचं आणि पैसाही त्याचा. शिकवणी कामाच्या वेळात, भरपगारी. ठेक्यावरचाही तिथं बसेल, झाडूवालीही बसेल. आणि शिकला त्याला वरची जागा, आडनाव न चाचपता. एवढं करणार नसाल तर ज्ञान वाटा म्हणजे आम्ही द्या आणि तुम्ही घ्या. त्याला आमच्याकडं वेठबिगार म्हणतात.

आणि आपण? कंपनीच्या दयेची वाट बघायची? टेंभी नाक्यावर कामावरून सुटलेली गोदामाची, सिक्युरिटीची, हाऊसकीपिंगची पोरंपोरी चहाला थांबतात. तिथूनच सुरू करा. ज्याला फोर्कलिफ्ट येते त्यानं फोर्कलिफ्ट समजावून सांगावी. जिला पगारपत्रक वाचता येतं तिनं पीएफचा हिशेब शिकवावा. पोरींना बाजूला बसवाल तर तुम्हीही साचेखात्यातलेच. बाबासाहेब म्हणाले, शिका. शिकलेल्यानं कुलूप लावून बसावं असं ते कुठंच म्हणाले नाहीत.

कुलूप त्यांनी लावलंय. किल्ली घडवणारे हात आपले आहेत.